कळतं पण वळत नाही : संत ऑगस्टिन यांची जीवनकथा



पालकसभेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, याला सगळं कळतं पण वळत नाही. दुसरं म्हणजे, याने एकदा मनावर घेतलं तर हा काहीही करून दाखवेल. बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दल, एकाच दमात बोलली जातात. पण थोडं थांबून पाहिलं तर त्यांचं आपसात पटत नाही. दुसरं वाक्य सांगतं की मन आपल्या मुठीत आहे, फक्त ठरवायचा अवकाश. पहिलं सांगतं की ते मनच आपलं ऐकत नाही. मग मनावर घ्यायचं ते कोणी आणि कसं?

हाच प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्मात फार मोठ्या वादाचा विषय झाला. माणूस चांगला होतो तो स्वतःच्या प्रयत्नाने की देवाच्या कृपेने? देवावर विश्वास ठेवणं हे माणसाचं स्वतःचं काम, की तो विश्वासही देवानेच दिलेला? आणि माणसाचं तारण होतं त्याचं श्रेय शेवटी कोणाला? या वादाच्या मध्यभागी उभे होते संत ऑगस्टिन. बिशप होण्याआधी ते पेशाने शिक्षक होते. आजच्या लेखात आपण त्यांचं जीवन आणि त्या जीवनातून उभा राहिलेला हा वाद समजून घेऊ.

थोडक्यात परिचय

जन्म : १३ नोव्हेंबर ३५४, थागास्ते (आजचा अल्जीरिया देश)
आई-वडील : मोनिका व पॅट्रिशियस
पेशा : वक्तृत्वाचे शिक्षक, नंतर हिप्पो शहराचे बिशप
प्रमुख ग्रंथ : कन्फेशन्स, सिटी ऑफ गॉड
मृत्यू : २८ ऑगस्ट ४३०, हिप्पो

बालपण आणि शाळा

उत्तर आफ्रिका तेव्हा रोमन साम्राज्याचा भाग होती. थागास्ते हे तिथलं एक लहानसं गाव. वडील पॅट्रिशियस थोडीफार जमीन बाळगून होते आणि गावच्या नगरसभेचे सभासद होते. ते ख्रिस्ती नव्हते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका मात्र पक्की ख्रिस्ती. मुलाने खूप शिकावं ही दोघांचीही इच्छा होती. त्यासाठी वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च केला.

शाळा म्हटली की त्या काळी मार ठरलेला. लहानगा ऑगस्टिन देवाकडे पहिली प्रार्थना शिकला ती आज शाळेत मार बसू नये म्हणून! घरी सांगितलं तर मोठी माणसं हसायची. पुढे पन्नाशीच्या जवळ आल्यावरही ही सल त्यांच्या मनातून गेली नव्हती. मोठ्यांचे खेळ म्हणजे कामधंदा आणि मुलांचे खेळ म्हणजे गुन्हा, हा कुठला न्याय, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आणखी एक निरीक्षण आपल्या उपयोगाचं आहे. लॅटिन भाषा तो दाईच्या मांडीवर, घरच्यांच्या हसण्याखेळण्यात आपोआप शिकला. ग्रीक मात्र शाळेत, छडीच्या धाकाने शिकवली गेली. लॅटिनमध्ये तो आपल्या काळातला नामवंत लेखक झाला. ग्रीक त्याला शेवटपर्यंत धड आली नाही. भाषा शिकायला भीतीपेक्षा मोकळी उत्सुकता जास्त उपयोगी पडते, हा निष्कर्ष त्याने स्वतःच्याच अनुभवातून काढला.

नासपतींची चोरी

ऑगस्टिन सोळा वर्षांचा असताना पुढच्या शिक्षणाचे पैसे जमेनात. वर्षभर तो घरीच रिकामा बसला. रिकामं मन आणि टवाळ मित्र, मग काय होणार! एका रात्री या टोळक्याने शेजारच्या झाडावरची नासपती हलवून हलवून पाडली. भूक नव्हती. फळं चवीलाही खास नव्हती, घरी याहून चांगली होती. बरीचशी त्यांनी डुकरांपुढे टाकली.

अशी खोडी कोणीही विसरून गेला असता. ऑगस्टिन विसरला नाही. आपण हे का केलं, हा प्रश्न त्याने पुढे पानंच्या पानं लिहून तपासला. गरज नव्हती, फायदा नव्हता, वाईट आहे हेही माहीत होतं. तरी केलं, कारण वाईट करण्यातच मजा वाटली. शिवाय एकटा असतो तर केलंच नसतं, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. माणूस चुकतो तो केवळ अज्ञानामुळे, हे म्हणणं त्याला तेव्हापासून अपुरं वाटू लागलं.

कार्थेजपासून मिलानपर्यंत

एका श्रीमंत गावकऱ्याच्या मदतीने तो कार्थेजला शिकायला गेला. मोठं शहर, नाटकं, मैत्री, प्रेम. तिथे एका स्त्रीबरोबर तो राहू लागला. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. एकोणिसाव्या वर्षी रोमन लेखक सिसेरोचं एक पुस्तक हाती पडलं आणि सत्याचा शोध घ्यायची ओढ लागली.

पण तो वळला मानी पंथाकडे. जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती सतत झगडत असतात, असं हा पंथ मानायचा. म्हणजे माणसाच्या हातून पाप घडलं तर ते त्याच्यातल्या अंधाराने केलं. ही शिकवण तरुण मनाला सोयीची होती, कारण दोष आपल्यावर येतच नाही. तो सुमारे नऊ वर्षं या पंथात राहिला. पुढे मात्र या पंथातले नामवंत गुरूही त्याच्या शंकांची उत्तरं देऊ शकले नाहीत आणि त्याचा विश्वास उडाला.

दरम्यान तो वक्तृत्व शिकवू लागला होता. कार्थेजचे विद्यार्थी फार दंगेखोर, म्हणून ३८३ मध्ये त्याने रोम गाठायचं ठरवलं. आई सोडायला तयार नव्हती. मित्राला निरोप देऊन येतो असं खोटं सांगून तो रात्रीच जहाजात बसला. मोनिका किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिली आणि सकाळी जहाज गेलेलं होतं. रोमचे विद्यार्थी शांत निघाले, पण फी द्यायची वेळ आली की दुसऱ्या शिक्षकाकडे पळून जायचे! शेवटी ३८४ मध्ये मिलान शहरात सरकारी वक्तृत्वशिक्षकाची मोठी नोकरी मिळाली.

मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ऐकायला तो जाऊ लागला. आधी फक्त त्यांची भाषा ऐकायला, मग हळूहळू त्यातला अर्थही पोचू लागला. आईही मागोमाग मिलानला आली. मुलाचं लग्न मोठ्या घरात व्हावं म्हणून तिने स्थळ पाहिलं. त्यासाठी इतकी वर्षं सोबत राहिलेल्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. मुलगा बापाकडेच राहिला. ती गेल्यावर हृदय रक्तबंबाळ झाल्याचं ऑगस्टिन लिहितो, पण तिचं नाव मात्र त्याने कुठेही लिहिलेलं नाही. वाचताना हे खटकतं आणि खटकायलाच हवं.

बागेतला दिवस

३८६ सालापर्यंत ऑगस्टिनच्या बुद्धीच्या बहुतेक शंका फिटल्या होत्या. ख्रिस्ती मार्ग खरा आहे हे त्याला पटलं होतं. अडलं होतं ते दुसरीकडेच. जुन्या सवयी सुटत नव्हत्या. संयम दे अशी प्रार्थना तो करायचा, पण मनातून वाटायचं की ती एवढ्यात नको फळायला. एकदा मोह झाला, मोहाची सवय झाली, सवयीला विरोध केला नाही म्हणून ती गरज झाली, अशी ही साखळी त्याने स्वतःच कडी कडी जोडून दाखवली आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो राहत्या घराच्या बागेत मित्र अलिपियसबरोबर बसला होता. मनाची घालमेल असह्य झाली. त्याला एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटलं. मनाने हाताला हुकूम दिला की हात लगेच हलतो. पण मन स्वतःलाच हुकूम देतं तेव्हा ते ऐकत नाही. असं का? हुकूम देणारंही मनच आणि न ऐकणारंही मनच! त्याचं उत्तर असं की मन पूर्णपणे मागतच नाही. अर्धं पुढे ओढतं, अर्धं मागे. आपल्या मराठीत हे तीन शब्दांत बसतं : कळतं, वळत नाही.

तो रडत झाडाखाली पडला असताना शेजारून एका लहान मुलाचा आवाज आला. घे आणि वाच, अशा अर्थाचं काहीतरी ते मूल गुणगुणत होतं. त्याने पौलाने रोमकरांस लिहिलेलं पत्र उघडलं आणि समोर आलेला उतारा वाचला. देहाच्या वासना सोडून ख्रिस्ताला धारण करा, असा त्याचा आशय होता. वाचून संपेपर्यंत मन शांत झालं होतं.

या प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थच पुढच्या सगळ्या वादाचं मूळ आहे. इतकी वर्षं मी जोर लावला आणि मन हललं नाही, मग त्या दिवशी ते वळलं ते माझ्या जोराने वळलं असं मी कसं म्हणू? कोणीतरी वळवलं, असं त्याला वाटलं. त्या कोणीतरीला तो देवाची कृपा म्हणतो.

आई आणि मुलगा

३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टिन, अलिपियस आणि पंधरा वर्षांचा अदेओदातुस यांचा बाप्तिस्मा झाला. मोनिकाची कित्येक वर्षांची प्रार्थना फळली. त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती तापाने आजारी पडली आणि गेली. माहेरच्या मातीत पुरा, असा हट्ट तिने धरला नाही. फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा, एवढंच मागितलं.

गावी परतल्यावर बाप-लेकाच्या संवादाच्या रूपात ऑगस्टिनने शिक्षक या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. शिक्षक शब्द देतो, पण ते खरे आहेत की नाही हे विद्यार्थी आपल्या आतच पडताळून पाहतो. आतला शिक्षक वेगळाच असतो, असा त्याचा गाभा आहे. त्यानंतर थोड्याच काळात हा हुशार मुलगा किशोरवयातच वारला.

हिप्पोचे बिशप

३९१ मध्ये ऑगस्टिन हिप्पो या बंदराच्या शहरात गेले असताना लोकांनी त्यांना अक्षरशः धरून पुढे आणलं आणि धर्मगुरू व्हायला लावलं. ते रडत होते. काही वर्षांतच ते तिथले बिशप झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षं, त्याच शहरात राहिले. प्रवचनं देणं, लोकांची भांडणं सोडवणं, गरिबांची व्यवस्था पाहणं आणि रात्री ग्रंथ सांगणं, असा दिनक्रम. त्यांच्या जेवणाच्या मेजावर एक कवितेची ओळ कोरलेली होती. गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला या मेजावर जागा नाही, असा तिचा आशय. स्टाफरूममध्ये लावायला हरकत नाही!

याच काळात कार्थेजच्या एका सेवकाने त्यांना कळवलं की नव्या लोकांना धर्म शिकवताना मलाच कंटाळा येतो, माझं शिकवणं मलाच नीरस वाटतं. ऑगस्टिन यांनी उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून पाठवलं. शिकवणारा आनंदात असेल तरच ऐकणाऱ्याला गोडी लागते. समोरचा जांभया देऊ लागला तर काही रंजक सांगा, उभा असेल तर बसायला द्या, असे साधे सल्ले त्यात आहेत.

या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांत फूट पडून डोनाटिस्ट नावाचा वेगळा गट झाला होता. सुरुवातीला ऑगस्टिन यांचा भर चर्चेवर होता. पुढे मात्र सरकारी बळ वापरून त्यांना परत आणायला त्यांनी पाठिंबा दिला. नंतरच्या शतकांत धर्माच्या नावाने सक्ती करणाऱ्यांनी त्यांच्या या लिखाणाचा आधार घेतला.

पेलाजियस येतात

आता मुख्य वादाकडे येऊ. पेलाजियस हे बहुधा ब्रिटनमधून रोममध्ये आलेले साधुवृत्तीचे गृहस्थ. रोममधले ख्रिस्ती लोक ढिलं जीवन जगतात आणि विचारलं तर माणूस दुर्बळच असतो असं म्हणून हात झटकतात, याची त्यांना चीड होती. ऑगस्टिन यांच्या कन्फेशन्समध्ये एक प्रार्थना आहे. देवा, तू आज्ञा कर, पण ती पाळायचं बळही तूच दे, अशा अर्थाची. ती ऐकून पेलाजियस संतापले. बळही देवानेच द्यायचं असेल तर माणसाने करायचं काय?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. देव न्यायी आहे, तो अशक्य आज्ञा देणार नाही. त्याने सांगितलं म्हणजे ते करता येतं. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, नियमशास्त्र दिलं, ख्रिस्ताचं उदाहरण दिलं, मागच्या पापांची क्षमा दिली, हीच कृपा. पुढे चालायचं ते माणसाने. आदामाचं पाप त्याच्या लेकरांना जन्मतः लागत नाही, प्रत्येक बाळ कोऱ्या पाटीसारखं जन्मतं. प्रयत्नांती परमेश्वर हे आपल्याकडे जितक्या सहज पटतं तितक्याच सहज हे त्या काळीही पटायचं.

४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटलं. त्या सुमारास पेलाजियस आणि त्यांचे शिष्य सेलेस्टियस इतर निर्वासितांप्रमाणे आफ्रिकेत आले. पेलाजियस पुढे पॅलेस्टाइनला गेले, सेलेस्टियस कार्थेजमध्ये राहिले आणि ४११ मध्ये तिथल्या सभेने त्यांची शिकवण नाकारली. ऑगस्टिन यांनी लेखणी उचलली ती इथून.

दोघांचं म्हणणं कुठे वेगळं?

एक साधं उदाहरण घेऊ. रस्त्याच्या कडेला एक माणूस बसला आहे. पेलाजियस म्हणतील, तुझे पाय धडधाकट आहेत, रस्ता दाखवला आहे, ऊठ आणि चाल. ऑगस्टिन म्हणतील, अहो, त्याचा पाय मोडलेला आहे. त्याला रस्ता दाखवून आणि ओरडून उपयोग नाही. आधी पाय जोडायला वैद्य हवा. पाय बरा झाल्यावर तो स्वतःच्याच पायाने चालेल, हे खरं. पण चालता आलं याचं श्रेय वैद्याचं.

म्हणजे ऑगस्टिन यांनी इच्छास्वातंत्र्य नाकारलं नाही. माणूस स्वतःच्या इच्छेनेच वागतो, पण ती इच्छा आजारी आहे आणि कृपा ती इच्छा मोडत नाही, बरी करते, असं त्यांचं म्हणणं. हा आजार आदामापासून सगळ्या मानवजातीला लागला आहे, यालाच मूळपाप म्हणतात.

गंमत अशी की पेलाजियस यांनी ऑगस्टिन यांचंच जुनं पुस्तक त्यांच्याविरुद्ध वापरलं! मानी पंथाला उत्तर देताना तरुण ऑगस्टिन यांनी इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहिला होता. पाप अंधारशक्तीमुळे नाही, माणसाच्या इच्छेमुळे होतं, हे त्यात ठासून सांगितलं होतं. पेलाजियस यांना तेच तर हवं होतं. पण मधल्या काळात ऑगस्टिन यांचा विचार पुढे गेला होता. पूर्वी त्यांना वाटायचं की निदान विश्वास ठेवणं तरी माणसाचं स्वतःचं काम आहे, त्यानंतर कृपा येते. ३९६ च्या सुमारास पौलाची पत्रं पुन्हा अभ्यासताना ते या निष्कर्षावर आले की जे काही आपल्याकडे आहे ते सगळं मिळालेलंच आहे, विश्वाससुद्धा. म्हणजे पहिलं पाऊलही देवाचंच.

वादाचा निकाल

४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या बिशपांच्या सभेने पेलाजियस यांना निर्दोष ठरवलं. ४१६ मध्ये आफ्रिकेच्या दोन सभांनी उलट निर्णय दिला. रोमचे पोप इनोसंट पहिले यांनी आफ्रिकेची बाजू घेतली. त्यांच्यानंतरचे पोप झोसिमस आधी पेलाजियस यांच्याकडे झुकले. शेवटी ४१८ मध्ये सम्राट होनोरियस यांनी पेलाजियस आणि सेलेस्टियस यांना रोममधून हाकलण्याचा हुकूम काढला, कार्थेजच्या मोठ्या सभेने ही शिकवण नाकारली आणि झोसिमस यांनीही मग तिला विरोध जाहीर केला. हा निकाल नुसत्या युक्तिवादाने लागला नाही, त्यामागे राजसत्ताही होती.

इटलीतल्या अठरा बिशपांनी सही करायला नकार दिला. त्यांचा पुढारी होता एक्लानमचा तरुण, बुद्धिमान बिशप ज्युलियन. त्याने ऑगस्टिन यांना कोंडीत पकडलं ते एका प्रश्नावर. बाप्तिस्मा न होता वारलेल्या तान्ह्या बाळाचं काय? मूळपाप खरं मानलं तर ते बाळही दोषी ठरतं. ऑगस्टिन यांचं उत्तर असं की त्या बाळाला दंड आहे, पण सगळ्यांत सौम्य. ज्युलियन विचारत राहिला की अशा देवाला न्यायी म्हणायचं कसं? ऑगस्टिन यांच्याकडे देवाचा न्याय आपल्याला पूर्ण कळत नाही, याखेरीज उत्तर नव्हतं. आजही बहुतेकांना या एका मुद्द्यावर ज्युलियनचं म्हणणं जवळचं वाटेल.

मग रागवायचं कशाला?

शिक्षकांच्या दृष्टीने या वादातला सर्वांत जवळचा प्रश्न विचारला तो हाद्रुमेतुम इथल्या मठातल्या साधूंनी. आजच्या ट्युनिशियातलं हे गाव. ४२६-२७ च्या सुमारास ऑगस्टिन यांचं एक पत्र वाचून तिथे गोंधळ उडाला. काही साधू म्हणू लागले की चांगलं वागणं कृपेवरच अवलंबून असेल तर वडीलधाऱ्यांनी आम्हाला रागवू नये. त्यांनी सांगावं आणि आमच्यासाठी प्रार्थना करावी. कृपा मिळाली नाही हा आमचा दोष कसा?

वर्गातल्या चलाख मुलाने विचारावा असा हा प्रश्न! ऑगस्टिन यांनी त्यावर दोन पुस्तकं लिहिली. रागावणं हेही कृपेचं एक साधन असू शकतं, असं ते सांगतात. कोणाचं मन कोणत्या शब्दाने वळेल हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून कोणालाही वाया गेलेला समजायचा आपल्याला अधिकार नाही. रागवायचं ते औषधासारखं, चुकीच्या मानाने, प्रेमाने. आणि रागवल्यावर तो सुधारला तर ते आपल्या बोलण्याचं कर्तृत्व मानायचं नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या साधूंनी मधला मार्ग सुचवला. वैद्य बरं करतो हे मान्य, पण वैद्याला हाक तरी रोगीच मारतो ना? ऑगस्टिन यांनी तेही मानलं नाही. हाक मारायची बुद्धीही दिलेलीच, असं ते म्हणत राहिले. देव कोणाला निवडतो आणि कोणाला नाही, याचं कारण माणसाच्या गुणांत नाही, या कठीण निष्कर्षापर्यंत ते पोचले.

अखेरचे दिवस

म्हातारपणी ऑगस्टिन यांनी स्वतःचे सगळे जुने ग्रंथ पुन्हा वाचायला घेतले आणि त्यात आपण कुठे चुकलो हे एका वेगळ्या पुस्तकात नोंदवलं. तोपर्यंत व्हँडल लोकांच्या टोळ्या आफ्रिकेत घुसल्या होत्या. ४३० मध्ये त्यांनी हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिन तापाने आजारी पडले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून त्यांनी बिछान्याजवळच्या भिंतीवर लावून घेतली. शेवटचे दहा दिवस जेवण आणि वैद्य सोडून कोणी आत यायचं नाही, असं सांगून ते ती स्तोत्रं वाचत आणि रडत राहिले. आयुष्यभर कृपेबद्दल लिहिलेला हा माणूस आपलं तारण झालंच आहे असं गृहीत धरून गेला नाही. मागत मागत गेला. मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण मागे ठेवायला काही नव्हतं.

वाद पुढे चालूच

५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथल्या सभेने विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते हे ऑगस्टिन यांचं म्हणणं मान्य केलं. पण देव कोणाला वाईटासाठी नेमतो, हा विचार ठामपणे नाकारला. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मूळपापाची त्यांची मांडणी तशी कधीच स्वीकारली नाही.

इतिहासाच्या पुस्तकात आपण मार्टिन ल्यूथर शिकवतो. ते ऑगस्टिन यांच्याच नावाच्या संघातले साधू. १५२४ मध्ये इरॅस्मस यांनी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं, १५२५ मध्ये ल्यूथर यांनी त्याला जोरदार उत्तर दिलं. तोच जुना प्रश्न! ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी या मुद्द्यावरच्या मूलभूत गोष्टींवर एकत्र सही केली ती थेट १९९९ मध्ये, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे.

आपल्या शेजारीही या नावाची एक खूण आहे. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर सेंट ऑगस्टिन टॉवर नावाचा एक उंच, जांभ्या दगडाचा पडका मनोरा दिसतो. ऑगस्टिन यांच्या नावाच्या संघातले साधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी हे चर्च बांधलं. त्या चर्चचं मूळ नाव होतं कृपेची माता. सहल नेली तर मुलांना हे नक्की सांगा.

आपण काय घ्यावं?

पेलाजियस यांचा विचार ऐकायला आशादायक वाटतो. तू करू शकतोस! पण खूप प्रयत्न करूनही ज्याला जमत नाही, त्या मुलाला हेच वाक्य दगडासारखं लागतं. करू शकतोस आणि केलं नाहीस, म्हणजे दोष तुझाच. ऑगस्टिन यांचा विचार ऐकायला कठोर वाटतो. पण पडलेल्या माणसाजवळ बसून, तुला उठवायला कोणीतरी लागेल आणि मलाही लागलं होतं, असं सांगणारा तोच आहे. उलट तो शेवटपर्यंत ताणला तर तान्ह्या बाळालाही दोषी ठरवतो, आणि पेलाजियस बाळाला निर्मळ म्हणतात. दोन्ही बाजूंची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागते. म्हणून तर हा वाद संपत नाही.

आपली श्रद्धा कोणतीही असो किंवा नसो, वर्गात उभं राहिल्यावर यातली एक गोष्ट आपल्याला ठरवावीच लागते. ज्या मुलाला कळतं पण वळत नाही, त्याला फक्त पुन्हा समजावून सांगायचं, की त्याचा पाय कुठे मोडला आहे ते आधी पाहायचं?

वर्गात व घरी चर्चेसाठी प्रश्न

१. नासपतींच्या चोरीत ऑगस्टिन एकटा असता तर काय झालं असतं? तुम्हाला काय वाटतं?
२. एखादी सवय सुटली तर त्याचं श्रेय कोणाला द्याल : स्वतःला, मदत करणाऱ्याला की दोघांना? कारण सांगा.
३. चूक करणारा मुद्दाम चुकला की त्याला जमलंच नाही, हे आपण कसं ओळखतो?
४. भीतीने शिकलेली आणि आवडीने शिकलेली अशी तुमची एकेक गोष्ट सांगा.

लेख आवडल्यास आपल्या शिक्षक मित्रांपर्यंत जरूर पोहोचवा.